परसातली महीलता

मराठीच्या शब्दव्यवहारात गांडुळाच्या वाट्याला एक चमत्कारिक दुटप्पीपणा आलेला आहे. शाळेच्या पुस्तकात ते 'शेतकऱ्याचा मित्र' असते, त्यावर दहा ओळींचा निबंध लिहिला जातो. आणि तो निबंध लिहिणारे मूल मोठे होऊन प्राध्यापकांच्या खोलीत बसू लागले, की बैठकीत गप्प राहणाऱ्या सहकाऱ्याला उद्देशून तोच शब्द दातओठ खात वापरू लागते. कणा नसणे हा गांडुळाचा अपराध. आम्हीही हा शब्द असा वापरलेला आहे, आणि एकदोन वेळा आमच्यासाठी तो वापरला गेल्याचेही आमच्या कानांवर आलेले आहे. अमरकोशाने मात्र या जिवाचे 'महीलता' असेही एक नाव नोंदवून ठेवले आहे. जमिनीची वेल! सोबत 'गण्डूपद' आणि 'किंचुलक' ही आणखी दोन नावे आहेत. एकदा समानार्थी शब्दांच्या ओघात हा तपशील वर्गात सांगितला, तेव्हा मागच्या बाकांवर हसू पिकले ते गण्डूपदाला. महीलतेकडे कुणाचे लक्ष गेले नाही. खरे सांगायचे तर तोवर आमचेही गेलेले नव्हते. ते गेले २०१८ च्या जूनपासून, परसात एक निळे पिंप येऊन पडल्यावर.

आम्ही म्हणजे दोघे. एकाच विषयाचे, एकाच घरातले, साताऱ्यातल्या दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत गेली वीसेक वर्षे मराठी शिकवणारे. घरामागे जेमतेम चार हात रुंदीची पट्टी आहे. तिच्यात एक शेवग्याचे झाड, एक जास्वंद आणि कपड्यांची दोरी. ओला कचरा, सुका कचरा असे दोन डबे आम्ही इमानाने भरत होतो. परंतु घंटागाडीत दोन्ही एकाच ढिगात मिसळताना एकदा डोळ्यांनी पाहिले, आणि निदान ओल्याची वासलात घरीच लावावी असे ठरवले. दोनशे लिटरचे एक जुने पिंप उभे चिरून घेतले. त्याच्या अर्ध्या भागाला तळाशी भोके पाडली, ते चार विटांवर ठेवले आणि मुंग्या चढू नयेत म्हणून विटांखाली पाण्याने भरलेल्या ताटल्या सरकवल्या. आत आधी विटांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, मग पालापाचोळा, मग अर्धवट कुजलेले शेण. एका रोपवाटिकेतून एक किलो गांडुळे विकत आणली. ओले गोणपाट वर अंथरले. दोन मराठीच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या हातांनी केलेले हे बहुधा पहिलेच काम असावे, ज्याला संदर्भग्रंथ लागले नाहीत.

लागले नाहीत असे वाटले, एवढेच. कारण पहिल्या महिन्यातच कळून चुकले की, गांडूळ कचरा खाते हे आपले समजणे फार ढोबळ आहे. गांडुळाला दात नसतात. टाकलेली भाजीची देठे ते तशीच खाऊ शकत नाही. आधी जिवाणू आणि बुरशी कामाला लागतात, देठ मऊ होते, कुजू लागते, आणि मग त्या कुजण्यासकट गांडूळ ते गिळते. त्याच्या पोटातल्या पेषणीत मातीचे कण जात्यासारखे काम करतात. त्याला फुप्फुसे नाहीत. ते ओल्या त्वचेतून श्वास घेते. त्वचा सुकली तर गुदमरते, आणि पाणी साचून हवा संपली तरी गुदमरते. म्हणून पिंपातला ओलावा कसा असावा, तर मूठभर माल घट्ट पिळला असता बोटांतून एखाददुसराच थेंब यावा. लिंबाच्या साली, कांदा-लसूण, मीठ-तेलाचे शिजलेले अन्न त्यांना चालत नाही. आणि एका गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, ही लहानपणापासूनची आमची समजूत साफ खोटी निघाली. होते ते एवढेच की, बहुतेक वेळा एक गांडूळ मरते.

दिवाळीत आबा कायमचे आमच्याकडे राहायला आले. आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. घरात दोघांचेही आबा. कोरेगाव तालुक्यात अडीच एकर रान, एक विहीर, आणि सगळा जन्म त्या दोहोंच्या मध्ये गेलेला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी रान वाट्याने दिले होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते परसात गेले, गोणपाट उचलून बराच वेळ आत पाहत राहिले आणि म्हणाले, "आरं, गांडुळं इकत आणली?"

आम्ही किंमत सांगितली. ते हसले नाहीत, हे आम्हांला अधिक लागले.

पुढे कधीतरी, शेवग्याखाली खुर्ची टाकून बसले असताना, त्यांनी तुटक तुटक सांगितले. पहिल्या पावसानंतर औत धरले, की फाळामागे माती उलटायची आणि तिच्यात गांडुळे वळवळायची. बगळे औताच्या मागे मागे चालायचे, माणसाला भीत नसत. मग केव्हातरी बगळे यायचे कमी झाले. कोणत्या साली, ते त्यांना सांगता येईना. ऊस आला, विहिरीवर मोटार आली, पाचट पेटवायची रीत आली. "युरियाची पोती आमीच वाहिली डोक्यावर," ते म्हणाले, "पोरं शिकवायची हुती." यावर काही बोलण्यासारखे नव्हते. आमच्यापैकी एकाच्या एम.ए.ची फी त्याच उसातून भरली गेली होती. काव्यशास्त्राची आणि भाषाविज्ञानाची पुस्तके त्याच पाचटाच्या धुरातून घरी आली होती, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. पण हिशेब तसाच आहे. एकट्या युरियाला दोषी धरणे शास्त्राला धरून होणार नाही. पाचट जाळल्याने मातीवरचे अन्नच नाहीसे होते, पुन्हा पुन्हा नांगरल्याने बिळे मोडतात, कीटकनाशके उतरतात, पाटाचे पाणी साचून राहते. असे सगळे मिळून ते घडते. आबांना मात्र एखाद्या गोष्टीला नाव हवे होते, आणि त्यांनी स्वतःचेच दिले.

त्या हिवाळ्यात पिंप चांगले रुजले. मोहरीपेक्षा जरा मोठे, लिंबाच्या घाटाचे कोष दिसू लागले. एकेका कोषातून दोनचार पिले निघतात, पांढऱ्या दोऱ्यासारखी, आणि अनुकूल हवा मिळाली तर दीडदोन महिन्यांत वयात येतात. त्यांच्या अंगावर तो ठळक पट्टा उमटतो. अंथरुणासाठी आम्ही वर्तमानपत्रांच्या पट्ट्या घालत होतो. त्या संपल्यावर आमची नजर माळ्यावरच्या वह्यांकडे गेली. नोकरीला लागलो तेव्हा, २००३ च्या सुमाराला, रात्र रात्र बसून काढलेली टिपणे. त्यानंतर अभ्यासक्रम अनेकदा बदलला. टिपणे फारशी बदलली नव्हती, हे कबूल करायला हवे. आबा पाने फाडून द्यायला बसले. एक पान हातात धरून त्यांनी विचारले, "हे समदं वाचून झालंय नव्हं?"

"आम्ही पंधरा वर्षं तेच वाचतोय, आबा."

"मग खाऊ द्या त्येंनास्नी," ते म्हणाले आणि फाडू लागले.

साहित्याची प्रयोजने, शैलीविचार, कादंबरीचे घटक अशी सारी टिपणे चारेक महिन्यांत काळी, दाणेदार, पहिल्या पावसाचा वास असलेली होऊन गेली. उरल्या त्या टाचण्या आणि वहीची गुळगुळीत वेष्टने.

मग २०१९ चा मे आला. घरी पाहुणे होते, आमरसाचा बेत झाला होता, आणि साली-कोयींची एक मोठी बादली भरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हां दोघांनाही उत्तरपत्रिकांच्या मध्यवर्ती मूल्यांकनासाठी परगावी निघायचे होते. काम तीन दिवसांचे. मागे गांडुळे उपाशी राहू नयेत म्हणून आम्ही ती सबंध बादली पिंपात ओतली. वर, पोषण अधिक व्हावे म्हणून, गवळ्याकडचे ताजे शेण घातले. चिलटे होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट दाबून बसवले. यांतली प्रत्येक गोष्ट आम्ही प्रेमाने केली. आणि यांतली प्रत्येक गोष्ट चूक होती. ताजे शेण कुजताना तापते. गोड फळांची रास आंबते आणि असलेली हवा शोषून घेते. बाहेर उन्हाळा, आत भट्टी, वर झाकण. पस्तीस अंशांच्या वर ही गांडुळे तग धरीत नाहीत, हे आम्ही वाचलेले होते. वाचलेले होते म्हणजे आम्हांला ते उत्तरपत्रिकेत लिहिता आले असते.

तिसऱ्या दिवशी रात्री परतलो, तर पिंप रिकामे, धुऊन पालथे घातलेले. आबा मोरीच्या पायरीवर बसले होते. शेजारी ओल्या फडक्याने झाकलेले एक जुने मडके. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना झाकणाच्या फटीतून गांडुळे बाहेर येताना दिसली. एकमेकांत गुंतून दोरखंडासारखी झालेली. त्यांनी झाकण काढले तेव्हा आतून वाफ आली, आणि बराचसा माल संपलेला होता. सबंध दिवस ते अधू डोळ्यांनी, बोटांनी चाचपडत, जिवंत असलेले एकेक उचलून ओल्या गोणपाटावर ठेवत होते. दोन ओंजळी भरल्या. एक किलोचे वाढून कितीतरी झाले होते. त्यांतल्या दोन ओंजळी.

आम्ही काहीतरी पुटपुटलो, उपाशी राहतील म्हणून घातले, असे काहीसे. आबा रागावले नाहीत. फडके किंचित उचलून त्यांनी आत पाण्याचा हबका मारला आणि म्हणाले, "भूक लागंल म्हणून घातलं, खरं हाय. पर त्येंनी मागितलं हुतं का?"

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून सहाशेच्या आसपास उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींत आमची स्वतःचीच वाक्ये, आमच्याच टिपणांतली, जशीच्या तशी, न पचलेली, परत आमच्या हाती आली होती. परीक्षेला मुले उपाशी जाऊ नयेत म्हणून आम्ही वर्षभर बादल्या ओतत होतो, आणि वर झाकणही दाबत होतो. रूपक फार सोपे आहे, हे आम्हांला कळते. सोप्या रूपकांचे गुण कापणारीच आम्ही माणसे. पण सोपे असले म्हणून ते खोटे ठरत नाही. त्या जूनपासून आम्ही वर्गात टिपणे सांगणे बंद केले. सुरुवातीला विद्यार्थी नाराज झाले, एकदोन पालक भेटून गेले, निकाल थोडा खाली आला. मुलांना कविता देऊन गप्प बसणे, आणि ती गप्प असेपर्यंत आपणही गप्प राहणे, हे आम्हांला अजूनही नीटसे साधत नाही.

त्या सुमारास आम्ही डार्विनच्या गांडुळांवरील पुस्तकाविषयी वाचले. १८८१ साली प्रसिद्ध झालेले हे त्याचे अखेरचे पुस्तक. पुढच्या वर्षी तो वारला. त्याने गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवले, कागदाचे त्रिकोण कापून ती ते बिळात कोणत्या कोपऱ्याने ओढतात ते मोजले, हे प्रयोग अनेकांना ठाऊक असतील. आम्हांला थांबवले ते दुसऱ्याच एका तपशिलाने. १८४२ च्या डिसेंबरात त्याने घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरवून ठेवले. आणि १८७१ च्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, तेथे चर खणून पाहिला. खडूचा पांढरा थर सात इंच खाली गेलेला होता. वर होती ती गांडुळांनी आणून टाकलेली माती. आबांना हे वाचून दाखवले. त्यांना सात इंचांचे नवल वाटले नाही. "येकोणतीस वर्सं त्यानं रान इकलं न्हाई, ही मोठी गोष्ट," एवढेच ते म्हणाले. त्यांना ठाऊक होते की, कोरेगावचे रान विकावे अशी चर्चा आमच्यात हळू आवाजात चाललेली असते.

आणि मग एके संध्याकाळी त्यांनी विचारले, "ही पिंपातली रानात सोडली तर जगतील?"

तोवर पिंप पुन्हा भरले होते. दोन ओंजळींचे पुष्कळ झाले होते. 'जगतील, आबा' असे म्हणणे किती सोपे होते! आम्ही पिंपातल्यांतली एक टोपली रानात नेऊन ओतली असती, फोटो काढला असता, आणि एखादा लेखही लिहिला असता. परंतु खरे उत्तर तसे नव्हते. पिंपात आम्ही पाळली होती ती आयसेनिया फेटिडा, मूळची युरोपातली. शेणात, पाचोळ्यात, वरच्या थरात राहणारी. आबांच्या फाळामागे वळवळत होती ती गांडुळे वेगळी, मातीत बिळे करून राहणारी. पिंपातली नुसत्या मातीत सोडली तर बहुतेक मरतील. रानातली परत यायची असतील तर आपण ती आणू शकत नाही. अन्न, ओल आणि निवारा ठेवायचा आणि वाट पाहायची. आम्ही तसेच सांगितले. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी सोडायचं काय न्हाई. जाळायचं थांबवायचं."

टाळेबंदीचे २०२० हे वर्ष ते साताऱ्यातच अडकून होते. २०२१ च्या फेब्रुवारीत ऊस तुटून गेल्यावर त्यांनी वाटेकऱ्याला फोन करून सांगितले की, खोडव्यात पाचट पेटवायचे नाही, सरीत दाबून कुजू द्यायचे. वाटेकऱ्याने कुरकुर केली. मजुरी वाढेल, उंदीर होतील, शेजारच्या रानातून ठिणगी उडाली तर सगळेच जाईल. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वाढीव मजुरी आम्ही द्यायची, असे ठरले. त्या पावसाळ्यात काहीच दिसले नाही. आबा दोनदा जाऊन आले. चाकूने ढेकळे फोडून पाहत, आणि परत येऊन परसातल्या पिंपापाशी बसत.

२०२२ च्या जानेवारीत, पौषात, आबा गेले.

महिन्याभराने वाटेकऱ्याचा फोन आला. ऊस तुटला होता. "पाचट पेटवू का, सर? आजूबाजूच्या समद्यांनी पेटवलंय." रानाविषयीचा एकही निर्णय आम्ही तोवर घेतलेला नव्हता, वर्षाकाठी येणारा वाटा तेवढा घेत आलो होतो. रान विकण्याचे कागद तयार करावेत का, हेही त्याच दिवसांत मनात होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि नको म्हणून सांगितले. धैर्याचे असे त्यात काही नव्हते. विकणे त्यानंतर लांबणीवर पडले, आणि अजूनही ते लांबणीवरच आहे.

श्रावणात आम्ही गावी गेलो. पावसाची उघडीप होती. मधल्या पट्ट्यात काही नव्हते. पण विहिरीच्या बाजूला, बांधालगत, जिथे पाचट दाट दाबले होते आणि सावली पडते, तिथे ओल्या मातीवर बारीक गोळ्यांच्या चिमुकल्या राशी दिसल्या. पिंपामुळे आम्हांला त्या ओळखता आल्या. नाहीतर चिखल म्हणून ओलांडून गेलो असतो. बारा-पंधरा असतील, अधिक नव्हेत. एका राशीखालची माती आम्ही बोटाने उकरली. राखी-तांबूस रंगाचे, पिंपातल्यांहून लांब असे एक गांडूळ क्षणभर दिसले आणि आत खेचले गेले.

वाटेकरी मागे उभा होता. आमचा चेहरा पाहून त्याने बहुधा काहीतरी ताडले. "आबांनी पिंपातली आणून सोडली व्हती का हितं?" त्याने विचारले. मग वाकून, ती माती चिमटीत धरून त्यानेच उत्तर दिले, "न्हाई. ही हितलीच हाईत."

बगळे काही आले नाहीत. आणि औत तरी आता कुठे आहे?

असो. निळे पिंप शेवग्याखाली अजून आहे. संध्याकाळी सालींचा डबा घेऊन आमच्यापैकी कुणीतरी तिथे जाते, आधी गोणपाट उचलते आणि मागचे संपले आहे का ते पाहते. बहुतेक वेळा संपलेले नसते. मग गोणपाट पुन्हा नीट अंथरून, डबा तसाच भरलेला घेऊन, आम्ही घरात परत येतो.